या, आपलंच आहे

दुपारची जेवणं आटोपून मी नुकतीच आडवी झाले होते, तेव्हा वहिनींचा फोन आला. गेली दोन वर्षं त्यांचा असा अवेळी फोन आला की दादा कुठेतरी निघून गेला, हे समजूनच घ्यायचं. त्यामुळे मी त्यांना बोलूच दिलं नाही. फोन कानाला लावून पायाने चपला शोधत विचारलं, "कधी निघाला? कोणत्या बाजूला गेला?" वहिनी म्हणाल्या, "कुठी नाही गेले, ताई. घरीच आहेत. मी कधीची उठवून राहिली, उठत नाहीत."

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. घरीच आहे, म्हणजे शोधायला नको. मग अर्थ कळला आणि मी तशीच निघाले.

जबलपुरात माझं घर अधारतालला, दादाचं महाराजपूरला, अंतर काही फार नाही. मी पोचले तेव्हा कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. दादाला खाली घेतलं होतं. समीर, त्याचा मुलगा, पुण्याहून निघाला होता, तो येईपर्यंत थांबायचं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडत नव्हत्या. संध्याकाळ झाली. रिछाईकडून वारा असला की तिकडच्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा त्या घरात ऐकू येतो. तो झाला. तशा वहिनी उठल्या, पायात चपला घातल्या, खुंटीवरची कापडी पिशवी खांद्याला लावली आणि बायकांमधून वाट काढत फाटकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मागून कोणी म्हणालं, "दीदी, संभालो इनको, सदमा लगा है." सांगायला बसले असते तर पार क्वार्टरपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ती वेळ नव्हती. आता महिना उलटून गेला आहे, आता सांगते.

आमचे बाबा वर्ध्याकडचे. जबलपूरला कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. दादाही त्याच कारखान्यात टर्नर म्हणून चिकटला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी शाळेत शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तरी त्याच्यासाठी शेवटपर्यंत 'बेबी'च राहिले. माझ्या निरोप समारंभात त्याने व्यासपीठाखालून "ए बेबी, पदर नीट कर" म्हणून हाक मारली होती, आणि सगळी शाळा हसली होती. त्याला हळू बोलता येतच नसे. दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहिलेली माणसं तशीच बोलतात. खाण्याचा शौकीन. खव्याची जिलेबी आणायला सांगितली की अर्धी रस्त्यातच संपवायचा आणि "आज त्याने कमीच तोलली बावा" म्हणून दुकानदाराच्या नावाने ओरडायचा.

लग्नानंतर त्याला स्वतःचं क्वार्टर मिळालं. ज्यांनी कारखान्याच्या वसाहतीत दिवस काढले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. रांगेमागे रांगा, सगळी घरं एकाच मापाची. तोच हिरवा दरवाजा, तीच मोरी, तिथेच खिडकी. नंबर लिहिलेला असायचा, पण कामावरून सुटलेला माणूस नंबर वाचत नाही, पाय नेतील तिथे जातो. त्यामुळे तिकडे एक चूक सर्रास होत असे. माणूस दुसऱ्याच्या घरात शिरायचा. कोणी बुटांसकट खाटेवर बसला, कोणी चहाची ऑर्डर सोडली, असे किस्से प्रत्येक रांगेत होते, आणि ते सांगताना सगळे पोट धरून हसायचे.

दादाची पाळी लग्नानंतर काही महिन्यांत आली. थंडीचे दिवस, भोंगा झाला तेव्हाच अंधारून आलेलं. हा एक रांग अलीकडेच वळला. दार लोटलेलं होतं. आत गेला, बूट काढले, डबा कोपऱ्यात ठेवला. चुलीपाशी बाई पाठमोरी बसलेली. तिने मागे न बघता म्हटलं, "हाथ धो लीजिए, सब्जी उतार रही हूँ." दादा म्हणे, मला वाटलं ही आज थट्टेने हिंदीत बोलून राहिली. त्याने हात धुतले, पाटावर बसला, ठेवलेला पाण्याचा गडवा तोंडाला लावला... आणि मग बघतो तर समोरच्या भिंतीवर त्याच्या लग्नाचा फोटो नव्हता. बूट हातात घेऊन तो जो पळाला, तो डबा तिथेच विसरला. तो डबा मग मिश्राजी स्वतः घेऊन आले. त्यांचंच घर ते. मोठे दिलदार, दारातूनच म्हणाले, "भैया, अगली बार खाना खाके जाना." सारी रांग हसली. वहिनी सगळ्यात जास्त हसल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्याच्या जुन्या सायकलची घंटी काढून दाराच्या चौकटीला, हात जाईल अशा उंचीवर बसवून घेतली. म्हणाल्या, "अंधारात नाही दिसत तर हातानं ओळखा. घंटी आहे तर आपलं घर." तेव्हापासून ते सुरू झालं. दादा आला की ट्रिंग करायचा आणि वहिनी आतून म्हणायच्या, "या, आपलंच आहे." मग तो आत यायचा. नवीन लग्नातला खेळ. पण तो खेळ मोडलाच नाही. लेकरं झाली, क्वार्टर बदललं, घंटी स्क्रू काढून नव्या चौकटीवर गेली. निवृत्तीनंतर महाराजपूरला घर घेतलं तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये ती दादाच्या खिशात होती.

दुसराही एक खेळ त्याच दिवसापासून सुरू झाला होता. तो नुसता खेळ नाही, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं. जेवताना दादा त्या दुसऱ्या घराच्या गोष्टी सांगायचा. "मी तिथंच बसून राहिलो असतो तर?" असं म्हणून सुरू करायचा. त्या घरात तो मिश्राजी झालेला. त्या घरात रेडिओ होता, आणि अरहरच्या, म्हणजे तुरीच्या डाळीला तुपाची फोडणी. मिश्राजींची लवकरच कानपूरला बदली झाली, त्यामुळे खरं-खोटं तपासायला कोणी उरलं नाही आणि गोष्ट वाढत गेली. इकडे त्याची बढती हुकली की तिकडे तो फोरमन व्हायचा. इकडे पाणी नाही आलं की तिकडे विहीर निघायची. मी रविवारी त्यांच्याकडे गेले की विचारायचे, "काय दादा, तिकडं काय चाललं?" तो घास गिळता गिळता सांगायचा, आणि मला ते फार आवडायचं.

समीरच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. चिमी. पहिला वाढदिवसही पाहिला नाही तिने, तापात गेली. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. बऱ्याच वर्षांनी, एका रविवारी, आम्ही जेवत होतो. दादाचं दुसरं घर रंगात आलं होतं. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "तिकडं चिमी यंदा पाचवीत गेली." वहिनींची भाकरी तव्यावरच राहिली. त्या उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या होत्या. भाकरी जळाल्याचा वास घरभर झाला. दादा ताटाकडे बघत बसला होता. मला त्या वेळी पहिल्यांदा त्याची भीती वाटली, कारण तो ते ठरवून बोलला नव्हता. त्याला ते दिसलं होतं. तिची वेणी, तिचं दप्तर, सगळं तो इतकी वर्षं मनात वाढवत होता.

त्यानंतर गोष्टी बंद झाल्या. म्हणजे आमच्यासमोर बंद झाल्या.

महाराजपूरच्या कॉलनीत ठेकेदाराने सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली. मी थट्टा केली होती, "दादा, तुझं नशीबच असं, इथंही सगळी सारखीच." तो हसला नाही. म्हणाला, "घंटी आहे न." काही वर्षं बरी गेली. मग तो शब्द विसरायला लागला, मग माणसं. आमच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तो आता घंटी वाजवून दारात थांबायचा. वहिनींचं उत्तर आल्याशिवाय पाऊल आत टाकायचा नाही. वहिनी न्हाणीत असल्या, छतावर कपडे वाळत घालत असल्या, तरी तो बाहेर उभाच. एकदा मी गेले तर भर उन्हात फाटकापासून दारापर्यंतच्या फरशीवर घामाघूम होऊन उभा. मी म्हटलं, "अरे, काहून उभा आहेस? जा न आत." तो खालच्या आवाजात म्हणाला, "कोणी म्हटलं नाही अजून." तो खालच्या आवाजात बोलला, याचंच मला जास्त वाटलं.

आणि मग ओमती बाजारातला तो दिवस. वहिनी शेजारी गेल्या होत्या. दादाने म्हणे घंटी वाजवली, आतून कोणी बोललं नाही, तेव्हा हे आपलं घर नाही असं ठरवून तो निघाला. कुठल्यातरी ऑटोत बसला. आम्ही दुपारभर शोधत होतो. नाल्यांमध्ये डोकावून पाहिलं, अशी वेळ कोणावर येऊ नये. शेवटी ओमती ठाण्यातून फोन आला. तिथल्या बाजारात एका दुकानासमोर सायकली लावलेल्या होत्या. दादा एकेका सायकलची घंटी वाजवत होता, थांबत होता, कान देत होता, मग पुढच्या सायकलपाशी जात होता. लोकांना वाटलं चोर. हवालदार भला माणूस, त्याने बसवून चहा पाजला, खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. आम्ही पोचलो तर मला म्हणाला, "माताजी, ये पूछ रहे हैं कि यहाँ कोई बोलता क्यों नहीं."

त्या रात्री मला झोप आली नाही. माझंही एक दुसरं घर आहे, हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. तरुणपणी पचमढीच्या एका शाळेत नोकरी मिळत होती, घेतली नाही. पण तिथली माझी खोली, मागचं पेरूचं झाड, कुंपणाशी लावलेली कोथिंबीर, हे सगळं मला पाठ आहे. पूर्वी कंटाळा आला की मी तिथे जात असे. त्या दिवसानंतर मी जायचं बंद केलं. जायची भीती वाटते. एखाद्या दिवशी मीही कुठल्यातरी फाटकाशी उभी राहून पेरूचं झाड शोधेन, असं वाटत राहतं. आता कोणी गप्पांमध्ये 'तेव्हा तसं केलं असतं तर' म्हणायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते.

वहिनींची भीती वेगळी होती. ओमतीहून आल्यावर दोन-चार दिवसांनी त्या माझ्याजवळ बोलल्या. भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. "ताई, यांना त्याच घरी जायचं आहे. तिकडं चिमी आहे न. भोंगा झाला की हे उठतात, चादर घडी करतात, चपला घालतात, बाहेर जाऊन उभे राहतात. मला विचारतात, येतेस का? मी म्हणते, कुठी येऊ? तर बघतच राहतात." मग म्हणाल्या, "पूरी जिंदगी मी आतून म्हणत राहिली, या, आपलंच आहे. यांना ते कधी आपलं वाटलंच नसन तर?" मी म्हटलं, "काहीतरीच काय, वहिनी." पण मलाही तेच वाटत होतं, आणि माझा चेहरा काही खोटं बोलत नाही. वहिनींनी पाहिलं आणि परत भाजीत मान घातली.

माझी दादाशी शेवटची धड भेट त्यानंतरची. मी त्याच्याशेजारी खाटेवर बसले होते. वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. तो खाटेच्या अगदी काठावर, पाहुण्यासारखा बसलेला. पाणी दिलं तर आधी म्हणाला, "घेऊ का?" तेवढ्यात लांबून भोंगा आला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मी इतक्या जवळून ती वेळ कधी पाहिली नव्हती. कुठे जायच्या ओढीने उठणारा माणूस असा दिसत नाही. त्याने माझं मनगट धरलं.

"बेबी, ड्युटी सुटली. आता ते येतीन."

"कोण येतील, दादा?"

"मिश्राजी. त्यांचं घर आहे न हे. मी त्या दिवशी बसलो, तो उठलोच नाही. किती साल झाले. त्यांनी काही म्हटलं नाही, भला माणूस आहे... पण आज येऊन राहिले. निघायला पायजे."

मी म्हटलं, "मग चल, आपण निघू."

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. आवाज आणखी खाली आणला. "हिला म्हणतो चल, तर येत नाही. घर त्यांचं असन, भांडी त्यांची असन, मी सगळं ठेवून देतो. पण ही त्यांची नाही, बेबी. ही माझी आहे. ही मागं राहून गेली तर?" आणि माझा भाऊ, ज्याचं ओरडणं आख्खी रांग ओळखायची, तो लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला.

आतलं कणकेचं भांडं वाजायचं थांबलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या, हात कणकेने भरलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात धुवायलाही त्या थांबल्या नाहीत. पायात चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी काढली आणि त्याच्यासमोर येऊन म्हणाल्या, "चला. मी तयार आहे. कुठी जायचं ते सांगा."

दादाने त्यांचा कणकेचा हात धरला आणि दोघं बाहेर पडले. मी फाटकापर्यंत मागे गेले. ते कॉलनीच्या कडुनिंबापर्यंत गेले, तिथे जरा उभे राहिले आणि वळले. फाटकाशी वहिनींनी त्याला थांबवलं, स्वतः आधी घरात गेल्या. त्याने घंटी वाजवली. आतून आवाज आला, "या, आपलंच आहे." आणि दादा इतक्या निर्धास्तपणे आत गेला, की मी मागून आत आले तर मला म्हणाला, "बेबी, तू कधी आली?"

त्यानंतर रोज तेच. भोंगा झाला की दोघं घर सोडायचे आणि कडुनिंबापासून परत यायचे. समीरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, हे असं किती दिवस चालणार?" मी म्हटलं, चालेल तितके. पण भीती काही कमी झाली नव्हती. दादाला ती रोज नव्याने वाटायची, रोज तितकीच. उद्या वहिनींना ताप आला तर, त्याच आधी गेल्या तर, हे माझ्या मनातून हलत नसे. पण तो आधी गेला. दुपारी झोपेत गेला, भोंगा व्हायच्या आत. म्हणून त्या दिवशी वहिनी फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सदमा वगैरे काही नव्हता. तो घाबरून उठेल, तेव्हा आपण तयार असावं, इतकंच.

तेरवी झाली, समीर गेला. आईला पुण्याला नेतो म्हणतो. तिथल्या इमारतीत म्हणे प्रत्येक मजल्यावर चार दारं, चारही सारखी. वहिनी हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. मी अधूनमधून जाऊन राहते.

परवा आम्ही दोघी भाजी घेऊन आलो. दुपार होती, कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. मी कुलूप काढलं, दार लोटलं. माझ्या मागून वहिनी पुढे झाल्या आणि चौकटीवरची घंटी वाजवली. तिची कड एका बाजूने चकचकीत झाली आहे, जिथे दादाचा अंगठा लागायचा. वाजवून त्या थांबल्या. आत दादाची खाट, घडी केलेली चादर. कोणी नाही. मी समजले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "या वहिनी, आपलंच आहे." त्या हलल्या नाहीत. माझ्याकडे वळून बघितलं, तर दादाच्या डोळ्यांतली तीच भीती त्यांच्या डोळ्यांत होती.

"असं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "आतून म्हणावं लागते."

मी भाजीची पिशवी दारातच ठेवली आणि एकटी आत गेले. स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे वहिनी उभ्या राहायच्या, तिथे उभी राहिले. बाहेर घंटी वाजली. हे घर कोणाचं आहे आणि मी इथे कोण म्हणून उभी आहे, काही क्षण मला खरोखरच सांगता आलं नसतं.

घंटी पुन्हा वाजली.

"या," मी म्हटलं, "या, आपलंच आहे."